कागदावरचं नाव

चौदा फेब्रुवारी, शुक्रवार. दोघांची मिळून एक बॅग भरायची होती. शिबिरवाल्यांनी मोबाइलवर सूचना पाठवल्या होत्या, त्यात पहिलीच ती: जोडप्यामागे एक बॅग, दोन आणू नयेत. सकाळी सहाला उठून मी पलंगावर नवऱ्याचे कपडे डावीकडे आणि माझे उजवीकडे मांडले. मधे टॉवेल, टूथपेस्ट, त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, माझं गुडघ्याचं मलम. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण आमच्या दोघांचीच अशी एक बॅग मी कधी भरली नव्हती. गावी जायचं तर सासूबाई, मुलगी, गावाकडच्यांसाठी घेतलेलं सामान, सगळ्यांचं एकत्र कोंबलेलं असायचं. कोणाचं काय कशावर ठेवलं हे बघायला फुरसत नसायची. त्या दिवशी मात्र वर कोणाचे कपडे ठेवायचे यात माझी पाच मिनिटं गेली. शेवटी मधे टॉवेल आडवा घातला आणि चेन ओढली.

नवरा खिडकीशी बसून पेपर वाचत होता. एकतीस जानेवारीला ते माझगावच्या गोदीतून निवृत्त झाले. फिटर होते, चौतीस वर्षं. निवृत्त झाल्यावर आठवड्याने, जेवताना, भाताकडे बघत म्हणाले, "आता गावीच राहीन म्हणतो. सतराचं तिकीट काढलंय, संध्याकाळच्या बसचं." गाव म्हणजे कणकवलीच्या पुढे, त्यांचं वडिलोपार्जित घर. तिथे माझ्या विधवा जाऊबाई एकट्या राहतात. मी विचारलं, "कायमचे?" ते म्हणाले, "बघू." तू पण चल, असं म्हणाले नाहीत. माझी नोकरी अजून सहा वर्षं आहे, हे त्यांना माहीत होतं. नोकरी सोडता येते, हे मला माहीत होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

शिबिर मुलीने शोधलं. ती बेंगळुरूला असते, रोज रात्री आठला व्हिडिओ कॉल करते. तिकिटाचं कळलं त्या दिवशी मी फोनवर तिला म्हटलं, "तुझ्या बाबांना सांग, गावी दवाखाना लांब आहे." नवरा माझ्या शेजारीच सोफ्यावर होता. तेही फोनकडेच बघत म्हणाले, "आईला सांग, आता रिक्षा मिळते."

मुलगी म्हणाली, "मी बेंगळुरूत आहे. बाबा तुझ्यापासून एका फुटावर आहेत. तुम्हाला ऐकू येतंय का तुम्ही काय करताय ते?"

आम्ही काय करत होतो ते मला खरंच ऐकू येत नव्हतं. आमचं तसंच चाललेलं होतं. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं होतो. सासू-सासरे, दीर-जाऊ आणि आम्ही. तिथे नवरा-बायको हळू आवाजात बोलली की सासूबाई लगेच म्हणायच्या, "काय कुजबुजतास गो? आमच्याबद्दलच असतला." म्हणून हळू बोलायचं नाही, ही सवय पहिल्या महिन्यातच लागली. मोठ्याने बोलायचं, आणि मोठ्याने नवऱ्याशी बोलणं बरं दिसत नाही, म्हणून तिसऱ्याला बोलायचं. "वहिनी, त्यांना विचारा, वाढू का." "आई, तिला सांग, शर्टाचं बटण तुटलंय." मुलगी झाल्यावर ते काम तिच्याकडे आलं. तिला बोलता येऊ लागल्यापासून ती आमची पोस्टमन. एका हाताच्या अंतरावर बसलेल्या बापाला ती निरोप पोचवायची आणि उत्तर घेऊन यायची. तिला तो खेळ वाटायचा. मलाही त्यात वावगं काही वाटलं नाही. अर्ध्या चाळीत असंच चालायचं.

पुढे सासरे गेले, दीर-जाऊ गावी गेले, पाच वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. चाळ पाडून टॉवर झाला, तीन वर्षांपूर्वी आम्हाला चौदाव्या मजल्यावर घर मिळालं. आत बेडरूम, त्याला दार, दाराला कडी. मग मुलगी बेंगळुरूला गेली. त्या घरात आता कुजबुजलं तरी ऐकणारं कोणी नव्हतं, आणि निरोप पोचवणारंही कोणी उरलं नव्हतं. रोज रात्री आठला एवढं टपाल निघायचं.

मुलीने त्याच रात्री शिबिराची जागा आमच्या नावाने ठरवली. कर्जतच्या आत, नदीकाठी. जोडप्यांसाठी दोन रात्री, निसर्गात, सावकाश, एकमेकांकडे लक्ष देऊन राहायचं. "बाबा, एवढं करा. मग जे ठरवायचं ते ठरवा."

ते म्हणाले, "येतो. तिकीट सोमवारचं आहे. रद्द करता येतं."

ते शेवटचं वाक्य मी पक्कं धरून ठेवलं होतं. रद्द करता येतं. म्हणजे तीन दिवस हातात होते.

दादरहून शिबिराची मिनीबस होती. आत पाच जोडपी. तीन अगदी तरुण, आणि एक गिरगावचं, आमच्याहून दहा-एक वर्षांनी मोठं. गिरगावच्या बाई चढल्या तेव्हापासून नवऱ्याशी खिडकीवरून भांडत होत्या.

"मला खिडकी लागते, माहितीये ना तुम्हाला?"

"तुला चाळीस वर्षं खिडकी लागते. एकदा मला लागू दे."

"तुम्हाला लागली की तुम्ही झोपता. खिडकीला झोपायचं असेल तर ती हवी कशाला?"

पनवेल येईपर्यंत हे चाललं, आणि पनवेलला काका खिडकीशी डोकं टेकून झोपले. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघितलंत?" आणि त्यांनी काकांच्या मांडीवर स्वतःची शाल टाकली.

माझा नवरा बसमध्ये माझ्या शेजारी होता. खिडकी त्यांनी मला दिली होती. काही न बोलता दिली होती, मीही काही न बोलता घेतली.

जागा चांगली होती, उगाच नाव ठेवणार नाही. कुडाच्या भिंतींच्या झोपड्या, शेणाने सारवलेली जमीन, पुढे आंब्याची चार मोठी झाडं, मोहराने भरलेली. त्यापलीकडे नदी, फेब्रुवारीतली, घोट्याएवढी. समोरच्या डोंगरावर पळस पेटायला लागला होता. शिबिर घेणारी मुलगी पुण्याची, तिशीची, आवाज मऊ. आल्याबरोबर तिने सगळ्यांचे फोन टोपलीत घेतले. मी मनात म्हटलं, आज आठचं टपाल चुकणार.

संध्याकाळी पहिलं काम दिलं: नदीकाठाने अनवाणी चालायचं, न बोलता, हातात हात घेऊन. तरुण जोडपी गेली. गिरगावचे काका-काकू हात धरून, एकमेकांना खडे चुकवायला लावत गेले. आम्ही निघालो तर नवरा पुढे आणि मी मागे. चाळीच्या गॅलरीत दोन माणसं जोडीने चालू शकत नाहीत, एकाला पुढे व्हावंच लागतं. आम्ही तसेच चालत गेलो. इथे काठ चांगला वीस फूट रुंद होता. वळणावर ते थांबले, मागे बघून त्यांनी हात थोडा मागे धरला. माझ्या हातात दोघांच्या चपला होत्या. चपला एका हातात घेता आल्या असत्या. मी दोन्ही हातांत धरल्या होत्या. त्यांनी हात खाली घेतला आणि आम्ही पुढे चालायला लागलो.

शनिवारी सकाळी आंब्याखाली समोरासमोर बसवलं. दहा मिनिटं एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं. ते माझ्या कानाकडे बघत होते. मी त्यांच्या कपाळाकडे बघितलं तर उजव्या भुवईवर एक जुना वण दिसला, इंचभर. हा मला माहीत नव्हता. पुण्याची मुलगी जवळून जात होती. मी तिला म्हटलं, "त्यांना विचारा हो, भुवईला हे कधी लागलं."

ती म्हणाली, "काकू, ते समोर बसलेत."

नवरा तिला म्हणाला, "गोदीत. लोखंडी प्लेट सुटली होती. सात वर्षं झाली."

मी तिला म्हटलं, "मला सांगितलं नाही."

ते तिला म्हणाले, "तेव्हा तिच्याकडे ऑडिट होतं. रोज उशिरा यायची. टाके निघाले तरी तिचं ऑडिट चालूच."

मुलीची मान कॅरम बघणाऱ्यासारखी इकडून तिकडे फिरत होती. मग ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "मी आता त्या झाडामागे जाते. मला काही सांगू नका. एकमेकांना सांगा." आणि खरंच गेली.

आम्ही बसलो. वर कुठेतरी तांबट पक्षी टुक टुक टुक करत होता, हातोडीसारखा. मोहराचे कण अंगावर पडत होते. त्यांच्या खांद्यावर पडलेले मी झटकले असते, पण दहा मिनिटांत हात लावायचा की नाही हे सूचनेत नव्हतं. तिसरं माणूस उठून गेल्याबरोबर आमचं बोलणं नळासारखं बंद झालं. घंटा वाजली तेव्हा आम्ही दोघंही एकदम उठलो, सुटका झाल्यासारखे.

दुपारी गिरगावच्या बाईंनी मला ताक वाढताना विचारलं, "तुम्ही दोघं बोलत नाही का हो?"

"बोलतो की. लागेल तेवढं."

"लागेल तेवढं मीठ घालतात. बोलायचं कसलं लागेल तेवढं?"

मी म्हटलं, "तुम्ही मात्र फार भांडता."

"मग काय करणार? या माणसाला कोणीतरी ऐकवायला नको?" पलीकडून काका म्हणाले, "मला ऐकू कमी येतं, म्हणून टिकलंय." बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "ऐकू सगळं येतं. लबाड आहेत."

मला त्यांचा हेवा वाटला. ते मला तेव्हाही कळलं.

संध्याकाळी साडेचार-पाचला सगळ्यांना नदीत उभं केलं. पाणी गार होतं, पायाखाली गोल धोंडे. पुण्याची मुलगी काठावर उभी राहून म्हणाली, "समोरच्या माणसाला तुम्ही मनातल्या मनात ज्या नावाने हाक मारता, ते नाव घ्यायचं. मोठ्याने, एकदाच. घाई नाही."

तरुणांनी आपापली लाडाची नावं घेतली, हसले. गिरगावच्या बाई म्हणाल्या, "मी यांना मनात ठोंब्या म्हणते." काका म्हणाले, "मला माहीत होतं." सगळे हसले, काका सर्वांत जास्त.

मग माझी पाळी. मी नवऱ्याचं नाव रोज कुठल्या ना कुठल्या फॉर्मवर लिहिते, पण लग्नानंतर तोंडाने त्यांच्यासमोर कधी घेतलं नाही. 'अहो' हेच नाव. मनातसुद्धा 'अहो'च. घसा साफ केला आणि तोंडातून काय निघावं? लग्नातला उखाणा निघाला, अख्खा, चांदीच्या ताटासकट. टाळ्या पडल्या. एका तरुण मुलीने शिट्टी मारली. नवरा जरासा हसला. खूप दिवसांनी हसला होता. मला वाटलं, जमतंय. तिकीट रद्द होतंय.

मग ते. आधी पाण्याकडे बघितलं. मग वर माझ्याकडे बघितलं, या वेळी कानाकडे नाही. आणि नाव घेतलं.

माझं माहेरचं नाव.

लग्नात सासूबाईंनी माझं नाव बदललं होतं. तेव्हा बदलायचेच. त्यांनी ठरवलेलं नाव नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं, ते सगळ्यांना दाखवलं, पेढे वाटले, झालं. त्यानंतर रेशनकार्डावर, नोकरीत, आधारवर, सगळीकडे तेच. माझं जुनं नाव फक्त माझी आई घ्यायची, घोडपदेवच्या खोलीत. ती जाऊन नऊ वर्षं झाली. त्यानंतर ते नाव कोणाच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. नवऱ्याच्या तोंडून तर अठ्ठावीस वर्षांत एकदाही नाही.

मी परळच्या इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसते. एकवीस वर्षं बसते आहे. लोक येतात, नाव विचारलं की घरचं सांगतात. बाळू, बेबी, आक्का. तसं लिहिलं तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला जातो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. म्हणून माझं एक वाक्य आहे, दिवसातून शंभरदा तरी म्हणते. रागाने नाही, समोर बघतसुद्धा नाही, नुसतं म्हणते.

नदीत उभी राहून, सगळ्यांसमोर, मी नवऱ्याला तेच म्हटलं.

"ते नाही. कागदावरचं सांगा."

त्यांनी एक क्षणही घेतला नाही. माझं कागदावरचं नाव सांगितलं, मागोमाग आडनावही. खिडकीपुढे रांगेत उभी असलेली माणसं सांगतात तसं. मग धोंड्यांवरून तोल सांभाळत पाण्याबाहेर गेले. पुण्याची मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं. मला कळायला काठावर येऊन चपला घालेपर्यंत वेळ लागला. एक चप्पल घातली आणि दुसरी हातात राहिली.

मी मागोमाग गेले. ते झोपडीमागच्या नळावर पाय धूत होते. मी शेजारी उभी राहिले. म्हटलं, "मगाशी तुम्ही..."

"काय?"

आजूबाजूला कोणी नव्हतं. मुलगी नव्हती, सासूबाई नव्हत्या, पुण्याची मुलगीही नव्हती. परत एकदा म्हणा, एवढंच सांगायचं होतं. तीन शब्द.

मी म्हटलं, "पाय नीट पुसा. टाचेला भेग आहे, चिघळेल."

"हं," ते म्हणाले, आणि पाय नीट पुसले.

रविवारी सकाळी निघताना सगळ्यांना गोलात बसवून विचारलं, इथून काय घेऊन जाणार. नवरा म्हणाला, "हवा चांगली आहे. आमच्या गावासारखी." बाकीच्यांना त्यात काही वाटलं नाही. मला माझं उत्तर मिळालं. परतीच्या बसमध्ये गिरगावच्या बाईंनी त्यांच्या घरचा पत्ता मला कागदावर लिहून दिला आणि माझा हात जरा जास्त वेळ धरला. मी हात सोडवून घेतला नाही.

सोमवारी मी सकाळची ड्युटी केली. रजा मागितली असती तर मिळाली असती. साडेतीनला घरी आले तर ते कपाटासमोर होते, शर्टांच्या घड्या घालत. त्यांच्या घड्या चांगल्या असतात, गोदीत शिकलेल्या, कडा जुळवून. मी चहा टाकला. चहा घेऊन मी पलंगावर बसले आणि ज्याला विचारायचं होतं त्यालाच विचारलं. बाजूला कोणी नव्हतंच.

"ते नाव तुमच्या लक्षात कसं राहिलं?"

ते घडी घालतच म्हणाले, "घोडपदेवला तुला बघायला आलो होतो. तू आत होतीस. तुझ्या आईने हाक मारली. मग तू बाहेर आलीस. मी आधी नाव ऐकलं, मग तू दिसलीस."

"मग?"

"मग काय. तेच बसलं डोक्यात. दुसरं आईने ठरवलं. मला कोणी विचारलं नाही. ताटात लिहायला सांगितलं, लिहिलं."

"मग कधी हाक का नाही मारलीत?"

"कुठे मारणार, गो? त्या खोलीत?" मग ते थांबले. "एकदा ठरवलं होतं. पहिल्याच वर्षी. वहिनीला म्हटलं, तिला सांग, खाली ये, नाक्यापर्यंत जाऊन येऊ. रस्त्यावर गर्दीत कोण ऐकतंय. तू सांगून पाठवलंस, डाळ स्टोव्हवर आहे."

मला ती डाळ आठवत नाही. तशा किती डाळी स्टोव्हवर होत्या. सासूबाई समोर बसलेल्या असणार, आणि नवऱ्याबरोबर नाक्यावर कशाला जायचं हा प्रश्न त्यांच्या तोंडावर असणार. मी त्यांना काम दाखवलं असणार. काम दाखवलं की कोणी काही विचारत नाही, हे मी लवकर शिकले होते.

मी म्हटलं, "तुमच्या आई जाऊन पाच वर्षं झाली. इथे येऊन तीन. दार आहे, कडी आहे."

"हो," ते म्हणाले. "पण तोपर्यंत तू कागदावरची झाली होतीस."

त्यात राग नव्हता. पावसाचं पाणी कुठून येतं ते सांगावं तसं सांगितलं. शेवटचा शर्ट ठेवला. "परवा एकदा मारून बघितली," ते म्हणाले.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. चुकलं, हे तर सरळ होतं. एकवीस वर्षांची सवय आहे, तोंडातून गेलं, असंही म्हणता आलं असतं, आणि ते खरं होतं. पण सवय आहे म्हणून गेलं हेच तर ते सांगत होते. मी कप उचलले. धुतले. पुसले. कपाटात ठेवले. परत आले तर ते चप्पल घालत होते.

मी खाली गेले त्यांच्याबरोबर. एक पिशवी माझ्याकडे, बाकी त्यांच्याकडे. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरची बाई चढली, म्हणाली, "काय, गावी?" आम्ही दोघांनी तिच्याकडे बघून एकदम "हो" म्हटलं. पुलाखाली बस थांबते तिथे माणसं आपापल्या गोणी सांभाळत उभी होती. वीस मिनिटं आम्ही शेजारीशेजारी उभे होतो. एवढी गर्दी होती की मी काहीही बोलले असते तरी कोणाला ऐकू गेलं नसतं. मी पिशवीची गाठ सोडली आणि परत घट्ट बांधली.

बस आली. सामान वर चढवून ते खाली उतरले, पिशवी घ्यायला.

"गोळ्या वरच्या कप्प्यात आहेत," मी म्हटलं.

"हं."

"पोचलात की कळवा."

"पोरीला करीन फोन," ते म्हणाले. सवयीनेच म्हणाले, हे मला समजत होतं. मग पिशवी घेत म्हणाले, "जा आता वर. उद्या तुला ड्युटी आहे."

बस वळेपर्यंत मी उभी होते. मग घरी आले. आठला मुलीचा फोन आला. तिने विचारलं, "बाबा कुठेत?" मी सांगितलं. ती रडायला लागली. मी म्हटलं, रडू नकोस, तू केलंस ते बरोबर होतं. तिला ते पटलं नाही. दोघींनीही फोन मात्र चालूच ठेवला. माझ्या बाजूला सोफा रिकामा होता, तिच्या मागे तिचं कपाट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी स्वतः फोन लावला. त्यांच्या नंबरवर मी कधी फोन करत नसे, मुलगीच करायची. बराच वेळ वाजला. उचलला जाऊबाईंनी.

"पोचले काय?" मी विचारलं.

"पोचले मगे. मागीलदारी पाणी तापवतत. काय सांगू?"

मला वाटलं, त्यांना द्या म्हणावं. त्याऐवजी तोंडात आलं ते म्हटलं, पण या वेळी जे विचारायचं होतं तेच विचारलं. "वहिनी, त्यांना विचारा, मी आले तर चालेल का. नोकरी सोडून."

 जाऊबाईंनी फोन बाजूला धरून मागीलदारी हाक मारली, "भावजीनू, ती इचारता, येव काय म्हणान! नोकरी सोडून!"

पलीकडे बादली ठेवल्याचा आवाज आला. कोंबडी ओरडत होती. त्यांचा आवाज आला, पण शब्द कळले नाहीत. चारपाच वाक्यं होती, एवढं कळलं. मग जाऊबाई परत फोनवर आल्या. त्यांनी सगळं सांगितलं नाही, किंवा तेवढंच होतं, मला माहीत नाही.

"भावजी म्हणतत, आंबे झाले की पेटी धाडतंय."

मी म्हटलं, "बरं." फोन ठेवला, केस बांधले, डबा घेतला आणि निघाले. आठला खिडकी उघडावी लागते.